रविवार, अकरा ते दोन

‘तुला कोणाकडे राहायचंय?’ हा प्रश्न मी मुलांना विचारत नाही. माझ्या खोलीत येईपर्यंत तो त्यांना आजीनं, आत्यानं, मामानं, दोन्हीकडच्या वकिलांनी आणि एखाद्या वेळी शाळेच्या व्हॅनवाल्या काकांनीही विचारून झालेला असतो. उत्तरं देऊन देऊन मूल त्यात तयार झालेलं असतं. समोरचा माणूस कोणाच्या बाजूचा हे त्याला लगेच कळतं आणि आपल्याला हवं ते उत्तर तो माणूस घेऊन जातो. एका मुलानं तर मी तोंड उघडायच्या आधीच विचारलं होतं, ‘आंटी, आप मम्मी वाली हो या पापा वाली?’ मी कोणाचीच नाही म्हटल्यावर माझ्याशी काय बोलावं ते त्याला कळेना. मग आम्ही त्याच्या शाळेच्या कबड्डीच्या संघावर बोललो. बराच वेळ बोललो, आणि त्यातच समजलं की मॅच बघायला कोण येतं आणि कोण ‘येतो’ म्हणून येत नाही.

इंदूरच्या कुटुंब न्यायालयात मी परामर्शदाता म्हणून काम करते. महाराष्ट्रात समुपदेशक म्हणतात तेच. नवरा-बायकोचं पुन्हा जमण्यासारखं आहे का ते पाहणं हे कामाचं एक अंग. दुसरं अंग मुलांचं. ताब्याचा किंवा भेटीचा अर्ज असला की न्यायाधीश मूल माझ्याकडे पाठवतात, मी त्याच्याशी बोलते आणि दोन-तीन पानांचा अहवाल देते. इथे लिहिताना मुलांची वयं, घरं, मोहल्ले मी इकडचे तिकडे केले आहेत. बोलणी मात्र त्यांचीच ठेवली आहेत.

घरगुती खटल्यांत इंदूरचं नाव देशभर झालं ते शाहबानोच्या पोटगीच्या खटल्यामुळे. इथल्या दंडाधिकाऱ्यानं महिना २५ रुपये पोटगी दिली, उच्च न्यायालयानं ती १७९ रुपये २० पैसे केली, आणि १९८५ साली दिल्लीत सर्वोच्च न्यायालयात जे झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पोटगीच्या आकड्यावर देश भांडू शकतो. मुलाच्या ताब्याचं भांडण असं कधी गाजत नाही, ते बंद दाराआडच चालतं, आणि तेच बरं.

मुलाच्या इच्छेला कायद्यात किती वजन आहे याबद्दल आईबापांच्या डोक्यात विलक्षण समजुती असतात. ‘नऊ वर्षांचा झाला की मुलगाच ठरवतो ना मॅडम?’ असं मला अगदी शिकलेसवरलेले लोक विचारतात. कोणी बारा म्हणतं, कोणी चौदा. असा कुठलाच आकडा आपल्या कायद्यात नाही. पालक आणि पाल्य कायदा १८९० चा, राणीच्या राज्यातला. अजून तोच चालतो. त्याचं कलम १७ एवढंच सांगतं की मूल विचार करून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल, तर न्यायालय ती पसंती विचारात घेऊ शकतं. घेऊ शकतं, घेतलीच पाहिजे असं नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातलं कलम २६ थोडं पुढे जातं आणि म्हणतं की शक्य असेल तिथे आदेश मुलांच्या इच्छेला धरून असावा. वयाचा आकडा सापडतो तो १९५६ च्या कायद्यात: पाच वर्षांच्या आतलं मूल सहसा आईकडे. पण त्या वयात इच्छा विचारण्याचा प्रश्नच नाही. आणि या सगळ्याच्या वर मुलाचं हित. ते कशात आहे हे न्यायाधीशानं शोधायचं.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात चौदा वर्षांच्या मुलाला आई किंवा वडील निवडता येतात. न्यायाधीशाला त्यात मुलाचं अहित दिसलं तरच तो आड येतो. आमच्याकडचे तरुण वकील असं काही वाचून येतात आणि आपल्याकडेही वय ठरवून टाकावं म्हणतात. मला आपला मोघम कायदाच बरा वाटतो. आकडा ठरला, की त्या वाढदिवसाच्या आदल्या महिन्यात दारात सायकली येतील, आणि दोन्ही दारांत येतील.

मुलं शिकवून आणलेली असतात, हे खरं आहे. सात वर्षांची चिमुरडी ‘पापाने हमें मानसिक रूप से प्रताड़ित किया’ म्हणते, तेव्हा ते वाक्य कुठल्या टेबलावर तयार झालं हे सांगायला मानसशास्त्र लागत नाही. मी अशा वेळी वाक्य खोडत बसत नाही. ‘बरं, आणि मग काय झालं?’ एवढंच विचारते. पाठ केलेल्या गोष्टीला पुढचा दिवस नसतो, मागचाही नसतो. खऱ्या गोष्टीत कुकरची शिट्टी असते, कोणीतरी दार वाजवलेलं असतं, लाइट गेलेली असते. या मुलीनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, ‘मग मी पलंगाखाली गेले. तिथे माझी हरवलेली चप्पल सापडली.’ म्हणजे वाक्य वकिलाचं होतं, पण रात्र खरी होती. शिकवलेलं मूल खोटं बोलतं असं धरून चालणाऱ्यांना हे सांगावंसं वाटतं. उलटही असतंच. कोणी न शिकवता, मनापासून, पूर्ण खरेपणानं मूल म्हणतं की मला बाबांकडे राहायचं, आणि कारण विचारलं तर तिथे रात्री अकरापर्यंत मोबाइल मिळतो.

सर्वोच्च न्यायालयालाही हे कोडं काही एकदाच सुटलेलं नाही. मुंबईतल्या एका पारशी जोडप्याच्या भांडणात १९८२ साली त्यांनी म्हटलं की मुलगी ज्या छायेत वाढते आहे ती पाहता तिची पसंती विचारपूर्वक केलेली मानता येत नाही. शेवटी मार्ग निघाला तो पाचगणीच्या निवासी शाळेचा. २००८ च्या एका निकालात न्यायमूर्तींनी अलाहाबादच्या मुलाशी स्वतः चेंबरमध्ये बोलून, त्याला वडिलांकडेच राहायचं आहे हे ऐकून, त्याला तिथेच ठेवलं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या निकालात आई वारलेला मुलगा आजी-आजोबांकडे राहिला, वडिलांकडे गेला नाही. तिथेही त्याचं म्हणणं ऐकलं गेलं. २०१७ साली मात्र बापाजवळ वाढलेली, आईकडे जायला तयार नसलेली लहान मुलगी न्यायालयानं वर्षभरासाठी आईकडे सोपवली, कारण तो नकार मुलीच्या मनात कोणीतरी भरवलेला असू शकतो असं त्यांना वाटलं. मग काही वर्षं असं झालं की मूल भेटायला नाही म्हणालं रे म्हणालं, की अर्जात ‘पालकापासून तोडण्याचा’ आरोप. २०२४ च्या मे महिन्यात त्याच न्यायालयाला सांगावं लागलं की नेमक्या घटना दाखवल्याशिवाय हा शिक्का मारू नका. हे निकाल एकमेकांना छेदतात असं वरवर वाटतं. मला तसं वाटत नाही. प्रत्येक वेळी समोर वेगळं मूल होतं, एवढंच.

मुलं मला जो प्रश्न हमखास विचारतात तो कोणाकडे राहण्याचा नसतोच. ‘मी जे बोलेन ते तुम्ही सांगणार का?’ हा असतो. रामबागेतल्या मराठी घरातली एक दहा वर्षांची मुलगी तर खुर्चीवर बसलीच नाही. दाराशी उभी राहून म्हणाली, ‘काकू, आधी सांगा. बाबांना कळणार का?’

याचं उत्तर नीट द्यावं लागतं. मध्यस्थीच्या खोलीत झालेलं बोलणं गोपनीय असतं, पण ताब्याच्या प्रकरणात मुलाबद्दल समुपदेशकानं दिलेला अहवाल त्या गोपनीयतेत अडकत नाही, हे २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं. मुलाचं हित पाहायचं तर न्यायाधीशाला तो वाचता आलाच पाहिजे. म्हणजे ‘कोणालाच सांगणार नाही’ असं मी म्हणू शकत नाही. मी तिला सांगितलं की मी जज मॅडमना लिहून देते, आणि जे लिहीन ते आधी तुला वाचून दाखवीन. बाबांचे वकील ते मागू शकतात. तुला एखादी गोष्ट बोलायचीच नसेल तर बोलू नकोस. ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, ‘मग मी असं सांगते, की कोणाला राग येणार नाही.’ त्यानंतर ती अर्धा तास जे बोलली ते अहवालाच्या दृष्टीनं जवळजवळ निरुपयोगी होतं आणि तिच्या दृष्टीनं फार मोलाचं. आई छान आहे, बाबा छान आहेत, आजी छान आहे, कुत्रा छान आहे. दोन्ही घरं टिकवायला निघालेलं मूल असंच बोलतं. मी तसंच लिहिलं: मुलीला कोणालाच दुखवायचं नाही, तिच्याकडून निवड मागू नये.

हेच मला या कामानं शिकवलं आहे, आणि यावर माझे काही सहकारी माझ्याशी वाद घालतात. ताबा कोणाकडे, हा मोठा प्रश्न मोठ्यांनी सोडवावा आणि त्याचा दोषही मोठ्यांनी घ्यावा. मुलाला त्यात मत असेल आणि ते आपणहून आलं तर जरूर ऐकावं, लिहावं. पण खोदून काढू नये. मुलाच्या इच्छेचं खरं राज्य लहान गोष्टींत आहे: कुठे भेटायचं, किती वाजता, घ्यायला कोण येणार, जेवायचं काय, कोण सोबत नको. या गोष्टी त्यांना पक्क्या ठाऊक असतात, त्यात शिकवणी चालत नाही, आणि त्याच कोणी विचारत नाही. आपल्याकडे उलटं आहे. आठ वर्षांच्या पोराला आई की बाप हे विचारतात आणि भेटीची वेळ मात्र दोन वकील व्हरांड्यात उभ्याउभ्या ठरवतात.

ती वेळ बहुतेकदा एकच असते: महिन्यातले दोन रविवार, अकरा ते दोन, सार्वजनिक ठिकाणी. ‘सार्वजनिक ठिकाणी’ म्हणजे इंदूरात मॉल, मेघदूत उपवन, छप्पन दुकान किंवा चिडियाघर. रविवारी सकाळी या जागी जाऊन पाहा. एकटा बाप आणि एक मूल, मुलाच्या हातात नवं खेळणं, बापाचे डोळे घड्याळाकडे, आणि थोड्या अंतरावर बाकावर बसलेला मामा. असं त्रिकूट दिसलं की मला कागद न पाहता समजतं. एका मुलानं मला सांगितलं, ‘चिडियाघर का शेर अब मुझे पहचानने लगा है.’ तो गंमत करत नव्हता. त्याला वडिलांना भेटायचं होतं, वाघाला नाही.

एक मुलगी भेटीला जायचं नाव काढलं की पोट दुखतं म्हणायची. आईच्या मते हा वडिलांबद्दलचा तिटकारा. वडिलांच्या मते आईची शिकवण. दोघांनी अर्ज दिले होते, दोघांच्या अर्जांना शपथपत्रं जोडलेली. मी मुलीला विचारलं की भेटीत तुम्ही काय काय करता, अगदी पहिल्यापासून सांग. तिनं सांगितलं: बाबा अकराला घेतात, तेव्हा पोहे खाऊन झालेले असतात. मग छप्पनवर नेतात. तिथे हॉट डॉग, मग खोपरा पॅटिस, मग शिकंजी, मग आइसक्रीम, कारण बाबा सारखं विचारतात, ‘और क्या खाएगी बेटा?’ आणि नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. मुलीचं पोट खरंच दुखत होतं. शेवटी तिला काय हवं होतं? ‘बाबांच्या घरी वरण-भात. ते कुकर लावतात ना, तेव्हा शिट्ट्या मोजायचं काम माझं असायचं.’

आता घरी न्यायचं म्हटल्यावर आईचा विरोध. त्या घरात सासू, आणि सासू मुलीपुढे आईचा उद्धार करते. ही तक्रार खोटी नव्हती, सासूबाईंनी माझ्यासमोरही थोडा केला. मुलीला विचारलं तर तिच्याकडे उपाय तयार होता: ‘आजीला त्या वेळी भजनाला जायला सांगा.’ आणि आजी गेली. मोठ्या माणसांच्या अहंकारात अडकलेल्या गोष्टी कधी कधी इतक्या स्वस्तात सुटतात की आपण इतकी वर्षं शिकलो कशाला असं वाटतं. पोटदुखीचे दोन्ही अर्ज मागे घेतले गेले.

सणांचं असंच. समझोत्याच्या मसुद्यात दिवाळी असते, होळी असते, राखी असते, उन्हाळ्याच्या सुट्ट्या निम्म्या-निम्म्या असतात. आमच्या मराठी घरांतले गौरी-गणपती त्यात अनेकदा नसतात, कारण मसुदा करणाऱ्याच्या घरी ते बसत नाहीत आणि अशिलाला त्या घाईत आठवत नाहीत. तीन पिढ्यांपूर्वी होळकरांच्या नोकरीत आलेल्या घराण्यातला नऊ वर्षांचा मुलगा. आईकडे राहतो, वडिलांशी बोलत नाही, भेटीत पुस्तक उघडून बसतो. श्रावण संपत आला तसा तो माझ्या खोलीत येऊन म्हणाला, ‘मला बाबांकडे नाही जायचं. मला गणपतीकडे जायचंय.’ दहा दिवस त्या घरी गणपती, महालक्ष्म्या, चुलत भावंडं, आणि आरतीच्या वेळी झांजा त्याच्या हातात. अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलच्या झांक्या निघतात. मिला बंद पडून जमाना झाला, झांक्या अजून निघतात, आणि रात्रभर जागून त्या पाहणं हा इंदूरच्या मुलांचा हक्कच आहे. तो दर वर्षी काकांच्या खांद्यावर बसून पाहायचा.

आईला हा डाव वाटला. ‘गणपतीचं निमित्त करून नेतील आणि मग म्हणतील मुलाची इच्छा इथे राहायची आहे.’ तिची भीती समजण्यासारखी होती. असं करणारे असतात. न्यायाधीशांनी आदेशात तारखा घातल्या, घ्यायची वेळ, सोडायची वेळ, आणि खाली एक ओळ, की या दिवसांतल्या वास्तव्याचा ताब्याच्या दाव्यात कोणालाही आधार घेता येणार नाही. ती ओळ फार कामाची. मुलाच्या लहान इच्छेचा मोठ्या दाव्यात पुरावा होणार नाही, एवढी हमी मिळाली की आईबाप पुष्कळ ढिले पडतात. मुलगा गेला, आला. वडिलांशी बोलायला लागला का? थोडा. चुलत भावंडांशी खूप.

भेटायला नकार देणारं मूल हा यातला सगळ्यात अवघड भाग. २०१२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं मुलांशी बोलून, त्यांना आईला भेटायचंच नाही हे पाहून, जबरदस्ती करायला नकार दिला. तिथवर प्रकरण गेलं म्हणजे मधली वर्षं हातची गेली. माझ्याकडे येणारे नकार बहुतेक कच्चे असतात, अजून वळवता येण्यासारखे. पण नकार ऐकला की मोठी माणसं लगेच त्याचं मोठं कारण शोधतात. व्यसन, मारहाण, दुसरी बाई. असतात तीही, आणि असली तर भेट थांबवायला मी स्वतः लिहिते. मात्र तेरा वर्षांच्या एका मुलाचा नकार असा होता: बाप भेट सुरू झाली की मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करायचा. मुलगा आईबद्दल काय बोलतो ते न्यायालयात दाखवायचं होतं. मुलानं वडिलांना दोनदा सांगितलं, मग यायचंच थांबवलं. ‘फोन अंदर रखें तो आऊँगा. मैं कोई गवाह थोड़ी हूँ.’ वडिलांनी खूप कुरकूर केली, शेवटी फोन माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवायला तयार झाले. पहिल्या दिवशी बापलेक काय बोलावं न सुचून बुद्धिबळ खेळले. पुढच्या वेळी मुलानं स्वतःहून वेळ वाढवून मागितली, कारण डाव अर्धा राहिला होता.

दुसरा एक मुलगा, अकरा वर्षांचा, नकाराचं कारणच सांगत नव्हता. वडील चांगले, भेटी चांगल्या, तरी रविवार जवळ आला की चिडचिड. खूप नंतर, पतंगांबद्दल बोलत असताना, त्याच्या तोंडून निघालं: ‘मी गेलो की मम्मी एकटी असते. ती दार लावून घेते.’ त्याला वाटायचं आपण गेलो तर आईचं काहीतरी होईल. न्यायालयाच्या कागदावर ही मुलाची इच्छा म्हणून नोंदली गेली असती: मुलाला वडिलांकडे जायचं नाही. इच्छा नव्हतीच ती, पहारा होता. मी आईशी बोलले. ती रडली, रागावली, आणि मग तिनं रविवारी सकाळी बहिणीकडे राजेंद्रनगरला जायला सुरुवात केली. निघताना मुलाला सांगून जायची की मी मावशीकडे चालले, तिथे तिची पोरं आहेत. तेवढ्यानं तो जाऊ लागला. पूर्ण मोकळा झाला असं म्हणणार नाही; वडिलांच्या घरून अकराचे बारा झाले की फोन करायचा. ते चालायचंच.

भावंडांचं एकमत नसलं तर काय करावं याचं उत्तर माझ्याकडे नाही. थोरलीला आई, धाकट्याला बाबा, आणि दोघांना एकमेकांशिवाय झोप नाही. अशा वेळी इच्छा जोडून पाहिल्या तर त्यांच्याच इच्छा त्यांना तोडतात. मी लिहिते, वेगळं करू नका, आणि बहुतेक न्यायाधीशांनाही तसंच वाटतं.

आता परदेशातली घरं वाढली आहेत. इंदूरातून पुण्याला शिकायला, तिथून न्यू जर्सीला, आणि मोडलं की आई मूल घेऊन माहेरी, स्नेहलतागंजात. १९८० च्या हेग करारात भारत नाही, म्हणून तिकडचा आदेश इकडे आपोआप लागू होत नाही. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका येते आणि पाच वर्षांचं पोर वकिलांच्या बोलण्यात ‘बंदी’ होतं. २०२० च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं अशाच एका प्रकरणात म्हटलं की दूर राहणाऱ्या पालकाला व्हिडिओ कॉलवर मुलाशी बोलता आलं पाहिजे. दोन महिन्यांत टाळेबंदी लागली आणि सगळ्यांनाच तसं भेटावं लागलं. आदेशात वेळ लिहिली जाते: रोज सकाळी सात, कारण तिकडे उन्हाळ्यात तेव्हा रात्रीचे साडेनऊ असतात. सकाळी सातला इंदूरात शाळकरी मूल काय करत असतं हे आई असलेल्या कोणालाही विचारा. दूध, दात, दप्तर, व्हॅनचा हॉर्न. अशीच एक मुलगी फोनसमोर बसून ‘हूं, हूं’ करायची, वडिलांना वाटायचं आईनं तोंड बांधलंय. तिला विचारलं, तर तिचं म्हणणं दोनच गोष्टींचं. रोज नको, शनिवार-रविवार. आणि ‘और क्या चल रहा है’ विचारू नका, माझ्याबरोबर फोनवर लूडो खेळा. बारा हजार किलोमीटरवरच्या माणसाशी बोलायला नऊ वर्षांच्या मुलीला विषय कुठून सुचणार? हातात काही असलं की बोलणं आपोआप येतं, हे तिला माहीत होतं.

एवढं सगळं करूनही आदेश कायमचा नसतो, आणि नसावा. सर्वोच्च न्यायालयानं १९७३ साली रोझी जेकबच्या निकालात म्हटलं आहे की ताब्याचे आदेश त्या वेळच्या परिस्थितीपुरते असतात, परिस्थिती बदलली तर बदलता येतात. मुलं तर वर्षाला बूट बदलतात. सातव्या वर्षी ठरवलेला रविवार बाराव्या वर्षी चालत नाही. तोवर शिकवणी आलेली असते, मैत्रिणी आलेल्या असतात, आणि बापाला भेटणं म्हणजे शिक्षा वाटू लागतं, बाप वाईट नसतानाही. आदेशात दर वर्षी वेळा पुन्हा पाहाव्यात अशी ओळ असावी, असं मी हल्ली प्रत्येक अहवालात लिहिते. कधी ती आदेशात येते, कधी नाही.

सध्या माझ्यासमोर असंच एक प्रकरण आहे. मुलगी तेरा वर्षांची. ती सहा वर्षांची असताना झालेल्या आदेशाप्रमाणे भेटी चालू आहेत, आणि आता वेळ बदलायचा अर्ज आईनं दिला आहे. वडिलांचं म्हणणं ठरलेलं: मुलीला पढवलंय. या वेळी मी मुलीला बोलायला सांगितलंच नाही, वही दिली. ती घरी घेऊन गेली आणि पुढच्या वेळी स्वतःच्या अक्षरात पानभर लिहून आणलं, अर्धं मराठी, अर्धं हिंदी, अक्षर वाईट. शनिवारी बॅडमिंटन असतं, तेव्हा नको. बाबांनी कोर्टावर यावं, मॅच बघावी, मग एकत्र जेवू. नवीन काकू आल्या तर चालेल पण त्यांना मी ‘मम्मी’ म्हणणार नाही. माझ्या मार्कांवर दोघांनी एकाच दिवशी बोलू नये. रंगपंचमीला राजवाड्याची गेर बाबांसोबत, दिवाळीतली पहिली आंघोळ आईकडे.

पढवलेली मुलगी नव्या काकूंना ‘चालेल’ म्हणत नाही. ते पान मी अहवालाला जोडलं. वडिलांच्या वकिलांनी ते वाचलं आणि वडिलांनाही दाखवलं. बॅडमिंटनच्या मुद्द्याला त्यांची हरकत नाही असं कळतं, बाकीच्यावर वेळ मागितला आहे. पुढची पेशी सहामाही परीक्षा झाल्यावरची मिळाली. तीही तिच्याच यादीतली मागणी होती, शेवटून दुसरी.